‘लुक फॉरवर्ड टू’ बिनचूक कसं वापरायचं: ‘टू’च्या पुढे काय आणि पत्राच्या शेवटी काय

नोकरीचा अर्ज असो, परदेशी विद्यापीठातल्या प्राध्यापकांना पाठवायचं ईमेल असो किंवा पुरवठादाराकडून मागवलेलं दरपत्रक असो, इंग्रजी पत्राच्या शेवटी एक वाक्य हमखास येतं: ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ तुमच्या उत्तराची मी वाट पाहतो आहे आणि ते आलं तर मला बरं वाटेल, एवढं सगळं या सात शब्दांत बसतं. पण हेच वाक्य आपल्याकडे फार वेळा चुकतं. कुणी ‘हिअरिंग’ऐवजी ‘हिअर’ लिहितो, कुणी ‘टू’च्या जागी ‘फॉर’ घालतो, तर कुणी वाक्य अर्धवट सोडून स्वल्पविराम देतो आणि खाली सही करतो.

इतरांचे अर्ज आणि पत्रं तपासून देताना मी ही ओळ नेहमी आधी वाचतो. पत्र वाचणारा माणूस शेवटच्या ओळीवरून उठून उत्तर लिहायला बसणार असतो. ती ओळ नुसती नक्षी म्हणून लिहिली तर पत्राची सगळी मेहनत तिथे सांडते. त्याने पुढे नेमकं काय करावं हे ती सांगत असेल, तर उत्तर येण्याची शक्यता खरोखर वाढते. म्हणून व्याकरण आणि हेतू, दोन्ही बाजूंनी हे वाक्य नीट समजून घेऊ.

घोळ ‘टू’मुळे होतो

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. त्याआधीच्या पिढ्या मराठी माध्यमात पाचवीला ए-बी-सी-डी गिरवायच्या. पण दोन्ही पिढ्यांनी वर्गात एक नियम पाठ केला: ‘टू’ आला की पुढे क्रियापदाचं पहिलं रूप. ‘आय वाँट टू गो’, ‘शी लाइक्स टू रीड’. नियम खरा आहे, पण अर्धाच सांगितलेला आहे.

इंग्रजीत ‘टू’ दोन तऱ्हेचे आहेत. पहिला क्रियापदाला चिकटलेला असतो. ‘टू गो’ म्हणजे जायला, ‘टू रीड’ म्हणजे वाचायला. दुसरा ‘टू’ आपल्या ‘कडे’, ‘ला’सारखा शब्दयोगी असतो: ‘टू पुणे’, ‘टू माय ब्रदर’. याच्यापुढे नाम येतं, आणि क्रियापद आणायचंच असेल तर त्याला आयएनजी लावून नाम बनवावं लागतं. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा असा दुसऱ्या तऱ्हेचा आहे. शब्दशः अर्थच पाहा ना: पुढे, अमुक एका गोष्टीकडे, नजर लावणं. नजर कशाकडे तरी लागते, म्हणून तिथे ‘गोष्ट’ हवी.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाआधीचा ‘टू’सुद्धा मुळात ‘कडे’ याच अर्थाचा शब्दयोगी होता. पुढे तो झिजत झिजत क्रियापदाची नुसती खूण होऊन बसला. दोघे एकाच घरातले, चेहरेही सारखे, म्हणून इतका गोंधळ होतो.

कोणता ‘टू’ आहे हे ओळखण्याची परीक्षा

नियम विसरला तरी चालेल, ही परीक्षा विसरू नका. ‘टू’च्या पुढचं सगळं खोडा आणि तिथे फक्त ‘इट’ लिहून बघा. वाक्य उभं राहिलं तर पुढे नाम किंवा आयएनजी रूप. वाक्य कोसळलं तर क्रियापदाचं पहिलं रूप.

‘आय लुक फॉरवर्ड टू इट.’ उभं राहिलं. म्हणून ‘टू हिअरिंग’, ‘टू मीटिंग’, ‘टू वर्किंग’.

‘आय वाँट टू इट.’ कोसळलं. म्हणून ‘आय वाँट टू हिअर’.

‘आय होप टू इट.’ हेही कोसळलं, म्हणून ‘आय होप टू हिअर फ्रॉम यू सून’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. इथे जरा थांबा, कारण बऱ्याच जणांची गडबड या शेजाऱ्यामुळेच होते. ‘होप टू हिअर’ आणि ‘लुक फॉरवर्ड टू हिअरिंग’ ही दोन्ही वाक्यं पत्राच्या त्याच जागी, जवळजवळ त्याच अर्थाने येतात. डोळ्यांना दोन्हींची सवय असते आणि हात दोघांची खिचडी करून ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ लिहून मोकळा होतो.

लक्षात ठेवायला मराठीचाही आधार घेता येतो. आपण ‘तुम्ही यायला वाट पाहतो’ असं कधी म्हणत नाही. ‘तुम्ही येण्याची वाट पाहतो’ असंच म्हणतो. ‘येणे’ या क्रियापदाचं नाम करून त्याला ‘ची’ जोडतो. इंग्रजी इथे नेमकं तेच करते: ‘येण्याची’ म्हणजे ‘टू कमिंग’ आणि ‘यायला आवडेल’ म्हणजे ‘वुड लाइक टू कम’. मात्र हा आधार या वाक्यापुरताच ठेवा. ‘करण्याचा निर्णय घेतला’ याचं इंग्रजी ‘डिसायडेड टू डू’ असं होतं, तिथे मराठीचा ‘ण्याचा’ फसवतो. भरवशाची परीक्षा ‘इट’चीच.

‘टू’च्या पुढे काय काय येऊ शकतं

सगळ्यांत सोपं म्हणजे साधं नाम: ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय.’ आयएनजीची भीती वाटत असेल तर हेच लिहा, यात कमीपणा काही नाही. ‘टू द इंटरव्ह्यू’, ‘टू अवर मीटिंग ऑन मंडे’, ‘टू युअर कॉमेंट्स ऑन द ड्राफ्ट’ हे सगळं बरोबर.

मग आयएनजी रूप: ‘टू मीटिंग यू’, ‘टू रिसीव्हिंग द कोटेशन’, ‘टू जॉइनिंग द टीम’.

दुसऱ्या कुणाच्या कृतीची वाट पाहत असाल तर तो माणूस मध्ये घाला: ‘वी लुक फॉरवर्ड टू यू जॉइनिंग अस.’ औपचारिक पत्रात ‘यू’ऐवजी ‘युअर’ लिहिण्याची पद्धत आहे: ‘टू युअर जॉइनिंग अस.’ दोन्ही चालतात.

‘दॅट’ने सुरू होणारं वाक्य इथे चालत नाही. ‘आय लुक फॉरवर्ड दॅट यू विल रिप्लाय’ हे चूक आहे. तसं म्हणायचं असेल तर ‘आय होप दॅट यू विल रिप्लाय’ म्हणा.

‘टू’ वाक्याच्या शेवटी एकटा उरला तरी त्याला हाकलू नका. ‘इट इज समथिंग आय लुक फॉरवर्ड टू’ हे बरोबर. शेवटचा ‘टू’ काढला की वाक्य लंगडं होतं.

‘फॉर’, ‘लिसन’ आणि इतर ओळखीच्या चुका

‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय.’ ही आपल्याकडची अगदी घरची चूक. ‘उत्तरासाठी थांबलो आहे’ यातला ‘साठी’ तिथे डोकावतो, शिवाय ‘वेट फॉर’चीही सवय असते. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो, ‘लुक फॉरवर्ड’ला ‘टू’. आणि ‘अवेट’ला काहीच लागत नाही, म्हणून ‘अवेटिंग फॉर युअर रिप्लाय’ हेही चूक. ‘अवेटिंग युअर रिप्लाय’ व्याकरणाने बरोबर आहे, पण त्यात सरकारी कोरडेपणा आहे. मी तरी ते टाळायला सांगतो.

‘हिअर फ्रॉम यू’मधला ‘फ्रॉम’ गाळू नका. ‘हिअर यू’ म्हणजे तुमचा आवाज कानावर पडणं, तर ‘हिअर फ्रॉम यू’ म्हणजे तुमच्याकडून निरोप, पत्र, खबर येणं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग यू’ हे गायकाला लिहिलं तर शोभेल, मनुष्यबळ विभागाला लिहिलं तर नाही. ‘लिसनिंग फ्रॉम यू’ मात्र कुठेच शोभत नाही.

स्पेलिंगकडेही पाहा. इथला फॉरवर्ड म्हणजे एफ, ओ, आर, डब्ल्यू, ए, आर, डी. एफ, ओ, आर, ई, डब्ल्यू, ओ, आर, डी असा शब्दही इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ पुस्तकाची प्रस्तावना. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलिंग तपासणारं साधन कधी कधी काहीच बोलत नाही.

तीन पायऱ्या: किती औपचारिक लिहायचं

‘आय लुक फॉरवर्ड टू...’ हे सर्वांत औपचारिक. अनोळखी व्यक्ती, कार्यालय, विद्यापीठ, वकील, ग्राहक, सगळीकडे निर्धास्त वापरा. कंपनीच्या वतीने लिहीत असाल तर ‘आय’ऐवजी ‘वी’.

‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू...’ यात ओलावा जास्त आहे. ज्याच्याशी दोन-चार ईमेलं झाली आहेत, जो सहकारी पुढच्या आठवड्यात भेटणार आहे, त्याच्यासाठी हे. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू इन नाशिक’ हे छान वाटतं. पहिल्याच अर्जात ते जरा लवकरची सलगी दाखवतं.

‘लुकिंग फॉरवर्ड टू...’ म्हणजे कर्ता गाळलेलं रूप. मित्र, रोजचे सहकारी, व्हॉट्सॲप. औपचारिक अर्जात ते नको.

त्या स्वल्पविरामाची गोष्ट

आपल्या अर्जांत अजून अशी ओळ दिसते: ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय,’ मग स्वल्पविराम, खाली ‘थँकिंग यू,’ पुन्हा स्वल्पविराम, आणि मग ‘युअर्स फेथफुली’. ही वळणं कुठून आली हे कळलं की ती सोडायला सोपं जातं.

जुन्या इंग्रजी पत्रांत शेवट एका लांबलचक वाक्याने व्हायचा: तुमच्याकडून लवकरच खबर मिळेल अशी आशा बाळगून, महाराज, मी आपला आज्ञाधारक सेवक राहतो. इंग्रजीत ‘होपिंग टू हिअर फ्रॉम यू... आय रिमेन... युअर ओबिडियंट सर्व्हंट’. तिथे ‘होपिंग’ किंवा ‘थँकिंग’ हे अर्धं वाक्य पुढच्या ‘आय रिमेन’ला टांगलेलं असायचं, म्हणून स्वल्पविराम योग्य होता. इंग्रजांच्या कचेऱ्यांतून हा साचा आपल्या अर्जांत आला. पुढे ‘आय रिमेन’ गळून पडलं, खुंटी गेली, पण टांगलेलं अर्धं वाक्य आणि स्वल्पविराम आपण जपून ठेवले.

आता पूर्ण वाक्य लिहायचं आणि पूर्णविराम द्यायचा. ‘थँक यू फॉर युअर टाइम.’ पूर्णविराम. ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ पूर्णविराम. त्यानंतर नव्या ओळीवर ‘युअर्स सिन्सिअरली’ किंवा ‘युअर्स फेथफुली’. ब्रिटिश पद्धतीत सुरुवात ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ने केली असेल तर ‘फेथफुली’, आणि नावाने केली असेल तर ‘सिन्सिअरली’. हे वाक्य स्वतंत्र परिच्छेदात, सहीच्या अगदी वर ठेवा.

कुठे वापरू नये

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे, कारण इथे व्याकरण बरोबर असूनही पत्र बिघडतं.

मराठीतलं ‘वाट पाहणे’ कशालाही चालतं. आपण पाहुण्यांची वाट पाहतो, निकालाची वाट पाहतो आणि रक्ततपासणीच्या रिपोर्टचीही वाट पाहतो. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये मात्र आनंद मुरलेला आहे. जे घडावं असं मनापासून वाटतं, त्याच्याकडेच नजर लावायची असते. म्हणून वडिलांच्या बायप्सीच्या रिपोर्टबद्दल साहेबांना कळवताना ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू द रिपोर्ट’ लिहिलं तर वाचणारा चमकेल. तिथे ‘वी आर वेटिंग फॉर द रिपोर्ट’ एवढंच हवं. ऑपरेशन, कोर्टाची तारीख, नोकरकपातीचा निर्णय, या सगळ्यांना ‘वेट फॉर’ किंवा ‘अवेट’.

सांत्वनपत्रात हे वाक्य अजिबात नको. दुःखात असलेल्या माणसाकडून उत्तराची अपेक्षा आपण करत नसतो.

तक्रारीच्या पत्रात ते चालतं, पण तिथे त्याला धार येते. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर एक्स्प्लनेशन’ हे सभ्य शब्दांतलं दटावणं आहे. तसं म्हणायचंच असेल तर जरूर लिहा. कनिष्ठ सहकाऱ्याला सहज काही विचारताना मात्र चुकूनही नको, बिचारा रात्रभर झोपणार नाही.

आणि ज्या पत्राला उत्तराची गरजच नाही, म्हणजे पावती मिळाली, कागद पोचले, सुट्टीची नोंद घेतली, तिथे हे वाक्य घातलं की समोरचा गोंधळतो. मी काय उत्तर द्यायचं आहे, म्हणून तो पत्र पुन्हा वाचतो.

एक शेवट दुरुस्त करून पाहू

समजा, कृषी पदवीचा विद्यार्थी केळीच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी लिहितो आहे. त्याचा शेवट असा:

‘काइंडली कन्सिडर माय ॲप्लिकेशन अँड डू द नीडफुल. लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर पॉझिटिव्ह रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट, थँकिंग यू, युअर्स फेथफुली.’

‘फॉर’ची आणि स्वल्पविरामांची चूक आता दिसतेच. पण ती सुधारली तरी पत्र लंगडंच राहतं. ‘डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं? अर्ज कुणाकडे पाठवायचा, जागा आहे का ते सांगायचं, की मुलाखतीला बोलवायचं? ‘पॉझिटिव्ह रिप्लाय’ लिहिलं की होकार गृहीत धरल्यासारखं होतं. आणि ‘ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे कधी, हे विद्यार्थ्याला ठाऊक आहे, प्रयोगशाळेला नाही.

म्हणून आधी मागणं स्पष्ट करायचं, तारीख द्यायची, मग आपलं वाक्य:

‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड लेट मी नो बाय ३० एप्रिल व्हेदर अ ट्रेनिंग प्लेस इज अव्हेलेबल इन जून अँड जुलै. आय कॅन सेंड माय मार्कशीट्स इफ यू नीड देम. आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’

आता वाचणाऱ्याला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे आणि मुदत माहीत आहे. जिथे ओळख थोडी जास्त आहे, तिथे मागणं याच वाक्यात विणता येतं: ‘आय लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग द रिव्हाइज्ड कोटेशन बाय फ्रायडे.’ पैसे, कागदपत्रं, मसुदा मागताना हे फार कामाचं आहे. मुदतही सांगितली जाते आणि आवाजही चढत नाही.

याच घरातले इतर ‘टू’

एकदा परीक्षा कळली की ती इतरत्रही लावता येते. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ उभं राहतं, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट’: मला उशिरापर्यंत काम करायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू इट’ कोसळतं, म्हणून ‘आय यूज्ड टू वर्क लेट’: पूर्वी मी उशिरापर्यंत काम करायचो. एका छोट्या ‘ॲम’ने अर्थ उलटा होतो, आणि मुलाखतीत हा फरक महागात पडू शकतो.

‘ऑब्जेक्ट टू’, ‘इन ॲडिशन टू’, ‘डेडिकेटेड टू’, ‘कमिटेड टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ या सगळ्यांपुढे आयएनजी. आपल्याकडे जाहिरातींत ‘कमिटेड टू प्रोव्हाइड’ आणि परिपत्रकांत ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह’ सर्रास दिसतं. छापलेलं दिसतं म्हणून उचलू नका. ‘कमिटेड टू प्रोव्हायडिंग’, ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग’ लिहा.

शंका आली तर तपासायचं कुठे

गुगलवर नुसतं शोधून किती निकाल येतात ते पाहू नका. चुकीची रूपंही तिथे ढिगाने सापडतात. त्यापेक्षा संपादित, छापील मजकूर बघा. गुगल बुक्सचा एनग्रॅम व्ह्यूअर २०१० पासून मोफत आहे. त्यात ‘लुक फॉरवर्ड टू हिअरिंग’ आणि ‘लुक फॉरवर्ड टू हिअर’ हे दोन तुकडे मध्ये स्वल्पविराम देऊन टाका. पुस्तकांत कोणतं रूप किती वापरलं गेलं याच्या दोन रेषा समोर येतात आणि पहिली कुठल्या कुठे वर दिसते. आणखी खोलात जायचं असेल तर कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचे शोधता येण्याजोगे संग्रह, बघा: सुमारे १० कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे आणि १०० कोटींहून अधिक शब्दांचा अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस आहे, ज्याला कोका म्हणतात. तिथे प्रत्येक वापर पूर्ण वाक्यासकट वाचता येतो. कोणत्या प्रसंगी हा वाक्प्रचार शोभतो, हे नियमांपेक्षा त्या वाक्यांवरून लवकर कळतं.

जीमेल २०१८ पासून तुमचं वाक्य आपणहून पुरं करून देतं. ‘आय लुक’ टाइप केलं की पुढचं राखाडी अक्षरांत पुष्कळदा तयारच असतं. रूप बहुधा बरोबर असतं, पण सांत्वनपत्रात ते नको हे त्याला कळेलच याची खात्री नाही. तेवढं आपणच बघायचं.

हे वाक्य सहीच्या कायमच्या मजकुरात मात्र घालू नका. सोयीचं वाटतं, पण मग ते ‘ओके, नोटेड’ या उत्तराखालीही जातं, सुट्टीच्या अर्जाखालीही जातं आणि एखाद्या दिवशी राजीनाम्याखालीही. प्रत्येक पत्रात ते हाताने लिहा, आणि लिहिण्याआधी समोरच्याकडून नेमकं काय यायला हवं आहे ते ठरवा.